ज्यास कळते त्याने बोलावे काय?

ढोकी हे गाव समुद्रापासून फार दूर आहे. येथील मनुष्यास पाणी म्हटले म्हणजे विहीर आठवते, तेरणा नदी आठवते, आणि पाऊस न पडलेली वर्षे आठवतात. अशा गावच्या वाचकांपुढे मासेमारीच्या नौकेवरील एंजिनियराच्या कर्तव्याचा विचार मांडावा, हे पुष्कळांस विचित्र वाटेल. परंतु ह्या भागाचा आणि समुद्राचा संबंध अगदीच नाही असे नाही. शेजारचे तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या सागरप्रवासाच्या ग्रंथात, तगर नगरीचे कापड गाड्यांत भरून बिकट वाटांनी भडोच बंदरास जात असे, असे सांगितले आहे. तगरचा विणकर समुद्र पाहत नसे, व ज्याच्या हाती आपला माल जातो तो खलाशीही त्यास ठाऊक नसे. तरी त्याच्या घरची चूल त्या अनोळखी मनुष्याच्या इमानावर पेटत असे.

एंजिन ही वस्तू तर ढोकीस मुळीच परकी नाही. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी 1911 साली लातूरपर्यंत पोहोचली, तेव्हापासून वाफेची शिटी ह्या बाजूस ऐकू येऊ लागली. पुढे विहिरीवर डिझेलचे एंजिन आले, आणि तेरणा साखर कारखान्याने तर बॉयलर, टर्बाइन, फिटर हे शब्द घरोघरी नेले. आज डिझेल मेकॅनिकचे काम शिकलेला मुलगा येथून पुण्यास किंवा मुंबईस जातो. त्यांतील एखादा उद्या बंदरावरही पोहोचेल. तो तेथे पोहोचला तर त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहील, तोच प्रश्न निराळ्या वेषाने ढोकीच्या शिवारातही उभा असतो. म्हणून तो येथे विचारात घेणे योग्य आहे. प्रश्न असा : जे संकट अनेकांवर येऊ पाहत आहे, परंतु ज्याची खूण फक्त एकालाच कळली आहे, ते त्या एकाने सांगितले पाहिजे काय? आणि सांगितल्याने सर्वांचे नुकसान होत असेल तर?

प्रथम त्या मनुष्याचे काम कसे असते ते पाहू. यंत्रावर चालणारी मासेमारीची मोठी नौका, जिला ट्रॉलर म्हणतात, ती काही फार जुनी नाही. केवळ ह्याच कामासाठी बांधलेला वाफेवरील पहिला ट्रॉलर ‘झोडियाक’ हा इंग्लंडातील ग्रिम्सबी बंदरात 1881 साली निघाला. आपल्याकडे ‘विल्यम कॅरिक’ नावाच्या वाफेच्या ट्रॉलरने 1921 व 1922 ह्या सालांत मुंबईच्या समुद्राची पाहणी केली. 1946 साली मुंबईस खोल समुद्रातील मासेमारीचे सरकारी केंद्र निघाले. त्याचेच पुढे भारतीय मत्स्य सर्वेक्षण ह्या संस्थेत रूपांतर झाले. मासेमारीच्या नौकांवरील तांडेल व एंजिनियर तयार करण्यासाठी कोची येथे 1963 साली मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. मोठ्या नौकांवरील एंजिनियरास सरकारी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. लहान ट्रॉलरवर मात्र एंजिन सांभाळणारा मनुष्य बहुधा कोणाच्या तरी हाताखाली राबून शिकलेला असतो. आज मुंबईच्या ससून डॉकपासून रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापर्यंत ज्या नौका उभ्या दिसतात, त्यांतील प्रत्येकीच्या पोटात असा एक मनुष्य असतो.

पोटात म्हणण्याचे कारण असे की, त्याची जागा खरोखरच खाली असते. तांडेल वर सुकाण्यापाशी उभा असतो. त्यास आकाश दिसते, लाटा दिसतात, शेजारची नौका दिसते. खलाशी जाळ्यापाशी असतात. मासा चढला की आनंदाची आरोळी त्यांची असते. एंजिनियराच्या वाट्यास उष्णता, तेलाचा वास आणि कानठळ्या बसविणारा आवाज येतो. समुद्राचे पाणी आत ओढून एंजिन थंड करणारा पंप चालतो आहे काय, त्याच्या तोंडाशी चिखल किंवा कोणी फेकलेली प्लॅस्टिकची पिशवी तर अडकली नाही, वंगणाचा दाब उतरला नाही ना, पंख्याचा दांडा नौकेबाहेर जातो तेथून पाणी थेंबथेंब येते आहे की धार लागली आहे, बुडाशी साचलेले पाणी किती चढले, हे सर्व त्याने पाहावयाचे. वंगण दुधासारखे पांढुरके दिसू लागले म्हणजे त्यात पाणी शिरले, हे त्यास कळते. इतरांस ते केवळ मळके तेल दिसते. खाऱ्या हवेत लोखंड लवकर झिजते. म्हणून 1 जून ते 31 जुलै ह्या काळात मासेमारीस बंदी असते तेव्हाही त्याचे काम संपत नाही. उलट एंजिन उघडून पाहण्याचे खरे दिवस तेच.

आता ह्या कामाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. 11 नोव्हेंबर 2009 रोजी फयान वादळ कोकणच्या किनाऱ्यावर आले व त्यात पुष्कळ मच्छीमारांनी प्राण गमावले. असे वादळ येणार असले तर त्याची सूचना निदान सर्वांसाठी असते. रेडिओवर ती एकाने ऐकली काय आणि दहांनी ऐकली काय, ती लपवून ठेवता येत नाही. एंजिनाची सूचना तशी नसते. ती एकाच मनुष्याच्या कानास येते. आवाजात थोडा फरक पडतो, काटा थोडा खाली उतरतो, हात लावला तर नेहमीपेक्षा अधिक चटका बसतो. तो बोलला तर नौकेस कळते, तो गप्प राहिला तर कोणास कळत नाही. आणि भर समुद्रात एंजिन बंद पडणे म्हणजे रस्त्यावर मोटार बंद पडण्यासारखे नव्हे. गती गेलेली नौका लाटांना आडवी होते. बुडातील पाणी उपसणारा पंप एंजिनावर चालत असेल तर तोही थांबतो. जाळे पाण्यात असेल तर ते तिला मागे खेचून धरते. शांत समुद्रात ही केवळ गैरसोय होय. खवळलेल्या समुद्रात हाच मृत्यू होय.

अशी कल्पना करा की, एक ट्रॉलर बंदरातून निघून चार दिवस झाले आहेत. पहिले तीन दिवस जाळी जवळजवळ रिकामी आली. चौथ्या दिवशी मासा लागला. बर्फ आणखी तीन दिवसांचा आहे. त्याच रात्री वंगणाचा दाब उतरू लागल्याचे एंजिनियराच्या दृष्टीस येते. फार नाही, कदाचित आठवडाभर काही होणार नाही, कदाचित उद्याच होईल. आत्ता परतले तर डिझेलचा खर्चही निघणार नाही. मालकाने कर्ज काढून नौका बांधली आहे. खलाशांस पगार असो वा मिळकतीतील वाटा असो, रिकाम्या फेरीचा चटका शेवटी त्यांनाच बसतो. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणी आगाऊ रक्कम उचलून खर्च केली आहे. सर्वांचे डोळे जाळ्याकडे लागले आहेत. अशा वेळी खालून वर येऊन ‘परत फिरा’ असे म्हणणारा मनुष्य कोणास आवडेल?

येथे गप्प राहण्याच्या बाजूने जी कारणे मनात उभी राहतात, ती हलकी नाहीत; म्हणून एकेकाचा नीट विचार केला पाहिजे.

पहिले कारण आज्ञापालनाचे. नौकेचा अधिकारी तांडेल आहे. परतावे की राहावे हे ठरविणे त्याचे काम. नोकराने आपले काम करावे व वरिष्ठाच्या निर्णयात पडू नये. ह्यात सत्याचा अंश आहे. नौकेवर दहा जणांनी दहा दिशा सांगितल्या तर ती बुडण्यास वादळाची गरज उरत नाही. परंतु निर्णय करणे निराळे आणि निर्णयास लागणारी माहिती देणे निराळे. तांडेलास जे सांगितलेच नाही, त्याविषयी त्याने निर्णय केला असे कसे म्हणता येईल? ज्याने खरी स्थिती दडविली, त्याने आज्ञा पाळली असे दिसते खरे, पण वस्तुतः त्याने तांडेलाचा अधिकार गुपचूप आपल्या हाती घेतला. पुढे जावयाचे हे त्यानेच ठरविले, आणि जबाबदारी मात्र दुसऱ्याच्या शिरी ठेविली. तेव्हा खरे आज्ञापालन सांगण्यातच आहे.

दुसरे कारण नम्रतेचे रूप घेऊन येते. ‘माझाच अंदाज चुकत असेल, उगाच सर्वांस का घाबरवावे?’ अंदाज चुकू शकतो, हे खरेच आहे. दाब दाखविणारा काटाच बिघडलेला असणे शक्य आहे. परंतु संशय असेल तर तो संशय म्हणून सांगावा. कोणी त्यास खात्री म्हणून सांगण्यास सांगत नाही. ‘दाब इतका होता, आता इतका आहे, कारण अमुक असावे, परंतु उघडून पाहिल्यावाचून सांगता येत नाही,’ इतके बोलण्यास विद्वत्ता लागत नाही. आपण चुकीचे ठरलो तर लोक हसतील, ही भीती पुष्कळदा नम्रतेचा अंगरखा घालून येते. ती ओळखता आली पाहिजे. जो हसण्यास भितो तो आपल्या मानाची किंमत दहा जणांच्या प्राणांपेक्षा अधिक धरतो, आणि असे स्पष्ट शब्दांत मांडले तर त्याला स्वतःलाच लाज वाटेल.

तिसरे कारण सर्वांत कठीण आहे, कारण ते दयेचे आहे. हे खलाशी गरीब आहेत. ह्यांच्या मुलांच्या तोंडचा घास मी काढून घेऊ काय? वाचकहो, ज्याने कधी भूक पाहिली नाही त्याने ह्या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. गरिबाला प्राणाइतकीच पोटाचीही काळजी असते, आणि पुष्कळदा तो जाणूनबुजून धोका पत्करतो. परंतु ‘जाणूनबुजून’ हा शब्दच येथे महत्त्वाचा आहे. खलाशास आपला प्राण पणास लावण्याचा थोडाबहुत अधिकार असेल. तो त्याने आपल्या मुलांसाठी वापरला तर त्यास कोण दोष देईल? पण त्याचा प्राण त्याला न कळविता पणास लावण्याचा अधिकार दुसऱ्या कोणासही नाही, मग हेतू कितीही दयेचा असो. ज्याने त्यांस सांगितले, त्याने कदाचित त्यांचा एक आठवड्याचा लाभ घालविला. ज्याने लपविले, त्याने त्यांचा मनुष्यपणा हिरावून घेतला, कारण त्याने त्यांस सामानाप्रमाणे वाहून नेले.

चौथे कारण आपल्या नोकरीचे. बोलणाऱ्यास पुढच्या फेरीत कोणी घेणार नाही, ही भीती खोटी नाही, व ती खोटी आहे असे येथे सांगावयाचे नाही. इंग्लंडातील हल हे ट्रॉलरांचे एक मोठे बंदर होते. 1968 सालच्या जानेवारी व फेब्रुवारीत चार आठवड्यांच्या आत तेथील तीन ट्रॉलर बुडाले आणि 58 माणसे मेली. त्यांतील पहिला, ‘सेंट रोमानस’, बिनतारी यंत्र चालविणारा मनुष्य न घेताच निघाला होता. त्याचा शोध सुरू होण्यासच दोन आठवड्यांहून अधिक दिवस लागले. तेव्हा लिलियन बिलोका नावाची मासे साफ करण्याच्या कारखान्यात काम करणारी एक स्त्री पुढे आली. तिने व तिच्या सोबतच्या खलाशांच्या बायकांनी दहा हजार सह्या गोळा केल्या. बिनतारी चालक नसलेली नौका निघू द्यावयाची नाही म्हणून ती स्वतः धक्क्यावर जाऊन उभी राहिली. त्या बायका लंडनला मंत्र्यांपर्यंत गेल्या, आणि सुरक्षिततेच्या पुष्कळ मागण्या मान्य झाल्या. त्या सुधारणांनी पुढे कित्येकांचे प्राण राखले. परंतु बिलोकाबाईची नोकरी गेली आणि तिला धमकीची पत्रे आली. फेऱ्या बंद पडून आपले पोट मारले जाईल, असे म्हणून तिच्याच गावातील काही लोक तिच्यावर रुष्ट झाले. सत्य बोलणाऱ्याची नेहमी भरपाई होते असे ज्यास सांगावयाचे असेल त्याने सांगावे. हलची हकीगत तसे सांगत नाही. ती एवढेच सांगते की किंमत खरी होती, आणि जे विकत मिळाले तेही खरे होते.

आणखी एक प्रश्न उरतो. एकदा सांगितले म्हणजे कर्तव्य संपले काय? 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळात मुंबईच्या पश्चिमेस तेलक्षेत्रातील ‘पी-305’ ही बार्ज बुडाली. ती मासेमारीची नौका नव्हती; तेलाच्या कामावरील माणसे तीवर राहत होती. तिच्यावरील 261 माणसांपैकी 186 जणांस नौदलाने व इतरांनी वाचविले. वाचलेल्यांत तिचा मुख्य एंजिनियर होता. वादळाचा इशारा पाहून येथून निघावे असे आपण सांगितले होते, परंतु ते मानले गेले नाही, असे त्याने पुढे वर्तमानपत्रांस सांगितले. त्या प्रसंगी दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायासनाचे काम आहे. परंतु त्या कथनावरून विचार करणाऱ्यास एक गोष्ट दिसते : खालच्याने सांगणे व वरच्याने ऐकणे हे एकाच कर्तव्याचे दोन भाग आहेत, आणि एक भाग गेला तर दुसरा निष्फळ होतो. म्हणून सांगणाऱ्याने एकदा पुटपुटून मोकळे होऊ नये. वहीत लिहावे, तांडेलास खाली आणून काटा दाखवावा, गरज पडली तर खलाशांसमोर बोलावे. आणि ऐकणाऱ्याने आपल्या वागण्याने सत्य इतके महाग करून ठेवू नये की गरीब मनुष्यास ते परवडूच नये. जो मालक वाईट बातमी आणणाऱ्यावर ओरडतो, त्यास हळूहळू फक्त चांगल्याच बातम्या ऐकू येतात, आणि मग एके दिवशी बातमी आणणाराच उरत नाही.

ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर न्याय होणार नाही. असाही एंजिनियर असतो की ज्याला घरी जाण्याची घाई झाली म्हणजे एंजिनात दोष दिसू लागतो. असाही असतो की जो दर तासाने काटा पाहण्याचा कंटाळा करतो आणि सकाळी बसून रात्रीचे सर्व आकडे एकदम वहीत लिहितो. न पाहिलेला आकडा लिहिणे ही गोष्ट फार लहान दिसते. त्यात कोणाचे काही चोरले नाही, कोणास मारले नाही. परंतु त्या वहीवर विश्वास ठेवून दुसरा मनुष्य झोपतो. जो असे आकडे लिहितो, त्याची खरी सूचनाही पुढे कोणी मानीत नाही, व मानू नये हेच स्वाभाविक आहे. म्हणून संकटाच्या रात्री बोलण्याचा अधिकार मनुष्य त्या रात्री मिळवीत नाही. तो आधीच्या शेकडो शांत रात्री, कोणी पाहत नसता खरा आकडा लिहून मिळवीत असतो. धैर्य धैर्य म्हणून ज्याचा आपण गौरव करतो, त्याची तयारी अशा कंटाळवाण्या कामात होते.

आता समुद्र सोडून आपल्या शिवाराकडे वळू. ऊसतोडीच्या दिवसांत रात्री दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर रस्त्याने जातो. मागे दिवा नाही व ब्रेक नीट लागत नाही, हे त्या चालकास ठाऊक असते. समोरून मोटारसायकलीवर येणाऱ्यास ते ठाऊक नसते. लग्नाचे वऱ्हाड भरलेल्या जीपचे टायर गुळगुळीत झाले आहेत, हे चालकास माहीत असते. मागे बसून गाणी म्हणणाऱ्या मुलींस नसते. विहिरीच्या मोटारीची तार कोठे उघडी पडली आहे, हे ज्याने ती जोडली त्यास माहीत असते. पहाटे पाणी धरावयास जाणाऱ्या सालगड्यास नसते. ह्या प्रत्येक ठिकाणी एक एंजिनघर आहे, आणि त्यात एक मनुष्य एकटाच काहीतरी जाणून बसला आहे. तो बहुधा वाईट मनुष्य नसतो. आज भागू द्या, उद्या पाहू, इतकेच त्याचे म्हणणे असते. परंतु त्या उद्याची जोखीम तो स्वतःच्या खिशातून भरीत नाही.

आणि आपण, जे घरी असतो, आपलाही ह्यात वाटा आहे. ज्यांचा मुलगा यंत्रावर किंवा गाडीवर कामास गेला आहे, अशी आईबापे त्यास फोनवर काय विचारतात? पगार झाला काय, पैसे केव्हा पाठवितोस, मुकादम नाराज तर नाही ना. हे विचारणे योग्यच आहे. घर चालवावयाचे असते. परंतु ज्या मुलास घरून केवळ हेच प्रश्न येतात, त्यास कळून चुकते की आपण कसेही करून नोकरी टिकविली पाहिजे. ‘तुझ्या हाताखालचे यंत्र नीट आहे ना? नसेल तर सांगितलेस ना?’ असा एक प्रश्न जर त्यांत मिळविला, आणि ‘सांगितल्यामुळे काम सुटले तर घरी ये, भाकरी मिळेल,’ इतके त्यास कळू दिले, तर दूरच्या एंजिनघरात त्याला मोठा आधार होईल. सत्य बोलण्याची किंमत एकट्या गरिबाने भरावी अशी अपेक्षा करणे सोपे आहे; तिच्यातील थोडा भाग आपण उचलणे हे खरे काम आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे दिसते. ज्यास कळते त्याने बोलावे. जितके कळते तितकेच, संशय तो संशय म्हणून आणि खात्री ती खात्री म्हणून. ज्यास निर्णयाचा अधिकार आहे त्यास प्रथम, आणि ज्यांचे प्राण गुंतले आहेत त्यांसही. बोलून नुकसान झाले तर ते सर्वांनी वाटून घ्यावे, कारण ते सर्वांसाठी झालेले आहे. आणि नौका सुखरूप परतली, दाब उतरण्याचे कारण किरकोळ निघाले, आठवड्याचा मासा हातचा गेला, तर त्या एंजिनियरास कोणी हसू नये. ज्या दिवशी त्यास हसतील, त्या दिवसापासून खालचा मनुष्य गप्प राहावयास शिकेल.